घर दाखवलं एक, दिलं दुसरं, आणि वर म्हणे पैसे परत मिळणार नाहीत

"ताई, नमस्कार. आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. सासूबाईंची पंचाहत्तरी झाली, म्हणून त्यांना कुलदैवताचं दर्शन घडवायचं ठरलं. कवळ्याला शांतादुर्गेचं दर्शन घ्यायचं आणि मग चार दिवस समुद्राकाठी राहायचं, असा बेत. एका मोठ्या बुकिंग साइटवरून उत्तर गोव्यात चार खोल्यांचं, पोहायचा तलाव असलेलं घर घेतलं. चार रात्रींचे ६४,००० रुपये माझ्या क्रेडिट कार्डावरून भरले. दोन दिवसांनी मालकाचा फोन आला, डिपॉझिटचे १५,००० यूपीआयने वेगळे पाठवा. पाठवले. आम्ही नऊ जण रात्री साडेदहाला पोहोचलो, तर मॅनेजर म्हणाला, 'त्या घरात काम निघालंय', आणि मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत घेऊन गेला. लिफ्ट नाही, तलाव नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, बरोबर लहान मुलं. त्याच रात्री साइटच्या ॲपवर फोटोंसकट तक्रार टाकली. रात्र कशीबशी काढली आणि सकाळी हॉटेलात गेलो. तिथे तीन रात्रींचे ३८,५०० गेले. आता साइट म्हणते, तुम्ही चेक-इन केलंत आणि बुकिंग नॉन-रिफंडेबल होतं. बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच दिला. मालकाचा काल निरोप आला, दहा हजार देतो, विषय संपवा आणि रिव्ह्यू काढून टाका. आमचे हे म्हणतात, गोव्यात कोर्टकचेऱ्या कोण करणार, सोडून दे. कार्डाच्या बिलाची तारीख जवळ आली आहे. काय करू?"

ताई, सोडून देऊ नका. गोव्याला जायचीही गरज नाही, हे सगळं इंदुरात बसून होतं. मला सगळ्यात जास्त खुपलं ते हे, की साइटने आणि बँकेने तुम्हाला दिलेली उत्तरं तुमच्या प्रश्नाची नाहीतच. तुम्ही विचारलंत एक, त्यांनी भलत्याचंच उत्तर देऊन तुम्हाला वाटेला लावलं.

आधी ते 'नॉन-रिफंडेबल'. आपला बेत बदलला, सुट्टी मिळाली नाही, घरात कोणी आजारी पडलं, तर पैसे परत मिळणार नाहीत, एवढाच त्या अटीचा अर्थ. दर थोडा कमी पडतो म्हणून आपण ती जोखीम घेतो. पण समोरच्याने ठरलेलं घरच दिलं नाही, तर ही अट लागूच होत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मध्ये हे स्पष्ट आहे: सेवा जाहिरातीत दाखवल्यासारखी किंवा ठरल्यासारखी नसेल, तर साइटवरून ती विकणाऱ्याला पैसे परत करायला नकार देता येत नाही. साइटने स्वतःच्या अटींत काहीही लिहिलं, तरी देशाचा नियम त्याच्या वरचा. शिवाय दाखवायचं एक आणि गळ्यात मारायचं दुसरं, या प्रकाराला केंद्राने ३० नोव्हेंबर २०२३ च्या 'डार्क पॅटर्न'विषयक, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविषयीच्या, मार्गदर्शक सूचनांमध्ये नाव देऊन बंदी घातली आहे. तिथल्या तेरा प्रकारांपैकी हा एक.

आणि चेक-इनचं म्हणाल, तर रात्री साडेदहाला म्हाताऱ्या माणसाला घेऊन रस्त्यावर उभं राहायचं नव्हतं म्हणून तुम्ही आत गेलात. याला संमती म्हणणं हा निव्वळ कांगावा आहे. तुम्ही त्याच रात्री लेखी तक्रार केलीत आणि सकाळ होताच जागा सोडलीत, या दोन गोष्टींवर तुमची सगळी बाजू उभी आहे. चारही रात्री तिथेच काढल्या असत्या, तर मी इतकं ठामपणे बोलू शकले नसते.

सुरुवात मात्र साइटपासून करू नका, कार्डापासून करा, कारण मुदत तिथली सगळ्यात कमी.

बँकेचा माणूस ओटीपीचं जे बोलला, ते रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने आणलेल्या नियमांतून आलेलं आहे. ते नियम तुमच्या नकळत कुणी खात्यातून किंवा कार्डावरून पैसे काढले, तर त्यासाठी. मुदतीत कळवलं, तर ग्राहकावर भार नाही, वगैरे तिथलं. तुमचा व्यवहार तुम्ही स्वतः, राजीखुशीने केला आहे. तुमचं म्हणणं वेगळं आहे: पैसे मी दिले, पण ज्यासाठी दिले ते मिळालं नाही. यासाठी बँकेत वेगळी वाट असते: बँक कार्डावरून गेलेले पैसे समोरच्याकडून परत मागवते. तिला चार्जबॅक म्हणतात. फोनवरच्या पहिल्या माणसाला ती बहुतेक वेळा ठाऊक नसते, किंवा ठाऊक असून तो सांगत नाही. म्हणून फोनवर वाद घालत बसू नका. बँकेच्या ॲपवर किंवा ईमेलने 'डिस्प्यूट फॉर्म' मागवा.

हा फॉर्म भरताना पुष्कळांचा घात होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. त्यात कारणांची यादी असते. 'हा व्यवहार मी केलेला नाही' असा एक पर्याय असतो आणि रागाच्या भरात माणूस त्यावरच खूण करतो, कारण फसवलं गेल्याची भावना असते. ती खूण केली, की बँक तुमचा ओटीपी दाखवते आणि प्रकरण तिथेच मिटतं. शिवाय ते खोटंही ठरतं. तुम्ही खूण करायची ती 'सेवा वर्णनाप्रमाणे नव्हती' किंवा त्या अर्थाच्या पर्यायावर. खाली हकीकत लिहायची जागा असते. तिथे एवढंच लिहा: "अमुक तारखेच्या बुकिंगमध्ये चार खोल्यांचं, तलाव असलेलं घर ठरलं होतं. प्रत्यक्षात वेगळ्या पत्त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या दिल्या. त्याच रात्री साइटला लेखी कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जागा सोडली. न राहिलेल्या तीन रात्रींचे ४८,००० रुपये मागूनही परत मिळाले नाहीत." सोबत बुकिंगची पावती, त्या घराच्या पानाचे फोटो, प्रत्यक्ष खोल्यांचे फोटो, तुमची तक्रार, साइटचा नकार आणि हॉटेलचं बिल. कुलदैवत, पंचाहत्तरी, सासूबाईंचे हाल हे सगळं खरं आहे, पण त्याची जागा पुढे आहे, इथे नाही.

रक्कम ६४,००० नाही, ४८,००० लिहा. एक रात्र तुम्ही त्या जागेत काढली आहे. सगळे पैसे मागितले, तर मालक 'हे लोक राहून गेले' एवढंच उत्तर देईल आणि बाकीचा मुद्दाही झाकला जाईल. त्या एका रात्रीचा हिशेब ग्राहक आयोगात मागता येतो.

चार्जबॅक हा आपल्या कायद्याने दिलेला हक्क नाही, हे लक्षात असू द्या. व्हिसा, मास्टरकार्ड या कंपन्यांनी बँकांसाठी केलेले ते नियम आहेत. रुपेचे स्वतःचे वेगळे आहेत. डेबिट कार्डालाही ही सोय असते. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा तक्रारीला साधारण १२० दिवस मिळतात आणि आगाऊ बुकिंगमध्ये ते पैसे भरल्या दिवसापासून नाही, तर सेवा मिळायची होती त्या दिवसापासून धरतात. पण शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका, या आठवड्यात फॉर्म द्या. तक्रार घेतल्यावर बँक कधी कधी रक्कम तात्पुरती तुमच्या कार्डावर जमा करते. समोरच्याचं उत्तर पटलं, तर ती परत वळती करून घेते. म्हणून जमा झाली तरी निकाल हाती येईपर्यंत ती आपली समजू नका.

बिलाचं काय? वाद चालू आहे म्हणून बिलच थकवायचं, हे कृपा करून करू नका. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांत, 'फसवणूक' म्हणून नोंदलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत शुल्क लावू नये असं म्हटलं आहे. तुमचा वाद त्या वर्गात बसत नाही, म्हणून त्या आधारावर राहू नका. वादातली रक्कम बाजूला ठेवता येईल का, व्याज लागेल का, हे बँकेला लेखी विचारा. लेखी होकार आला नाही, तर सगळं बिल वेळेत भरून टाका. भरलं म्हणजे तुमचा दावा सोडला, असं होत नाही. फक्त 'मिनिमम ड्यू' भरून दिवस ढकलायचा विचार असेल, तर तोही नको, कारण त्यानंतर नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. साइटशी भांडता भांडता बँकेचं देणं अंगावर घेण्यात अर्थ नाही.

बँकेने फॉर्मच घेतला नाही, किंवा तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, किंवा परत तेच ओटीपीचं तुणतुणं वाजवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. पैसे पडत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. लोकपाल घर चांगलं होतं की वाईट, हे बघणार नाही. बँकेने तुमची तक्रार रीतीप्रमाणे हाताळली का, एवढंच बघेल. तुम्हाला तिथे तेवढंच हवं आहे.

आता साइट. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, संपर्क साइटवर द्यावा लागतो. पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात सापडेल. ॲपवरच्या चॅटवर तुम्ही जे बोललात ते वेगळं आणि या अधिकाऱ्याला लिहिणं वेगळं. त्याला ४८ तासांत पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात तक्रार निकालात काढावी लागते. कंपनी परदेशी असली, तरी भारतातल्या ग्राहकांना नियमितपणे सेवा विकत असेल, तर हे नियम तिला लागू आहेत.

त्याच ईमेलमध्ये आणखी एक मागणी घाला. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितलं, तर विक्रेत्याचा पत्ता, ईमेल आणि वाद सोडवायला लागणारी बाकी माहिती साइटने द्यायची असते. तुमच्याकडे मालकाचा फोन नंबर आहे, पण त्याचं पूर्ण नाव आणि पत्ता आहे का? आयोगात कागद कुणाच्या नावाने जाणार, हे त्यावरच ठरतं. मालक उद्या म्हणेल, 'माझं राहतं घर आहे, मी काही धंदा करत नाही.' व्यवसाय म्हणून नसलेल्या, वैयक्तिक व्यवहाराला ई-कॉमर्सचे नियम लागू होत नाहीत, हे खरं आहे. म्हणून त्या घराखालचे सगळे जुने रिव्ह्यू तारखांसकट आत्ताच साठवून ठेवा. महिन्यामागून महिने पाहुणे राहून गेल्याचं त्यात दिसलं, की हा बचाव टिकत नाही. गोव्यात पाहुण्यांना भाड्याने घर द्यायचं, तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंद लागते. नोंदणी क्रमांक लेखी विचारा. उत्तर आलं नाही, तर खात्याला ईमेल करा. त्याने तुमचे पैसे परत येणार नाहीत, पण नोंदणी नसलेला मालक लगेच नरम पडतो.

पुराव्याबद्दल दोन शब्द. मालक ते पान केव्हाही बदलू शकतो, म्हणून आज रात्रीच सगळे स्क्रीनशॉट घ्या: वरचा पत्ता, तारीख, किंमत, 'चार खोल्या', 'तलाव' हे सगळं दिसेल असे. खोल्यांचे फोटो ज्या फोनवर काढले, त्या फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून फिरवलेल्या फोटोतून काढल्याची वेळ आणि जागा ही माहिती निघून जाते. जावेच्या किंवा मुलाच्या फोनवर फोटो असतील, तर ते ईमेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून मागवा. मॅनेजरशी चॅट मराठीत झालं असेल, तर प्रत्येक संदेशाखाली हिंदी भाषांतर टाइप करून ठेवा. इंदूरच्या आयोगात काम हिंदीत आणि इंग्रजीत चालतं, आणि ऐन वेळी भाषांतरासाठी तारीख पडते.

तुमच्या यजमानांच्या शंकेकडे येते. जुन्या, १९८६ च्या कायद्यात विरोधी पक्ष जिथे राहतो किंवा प्रकरण जिथे घडलं, तिथे जावं लागायचं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ ने तक्रारदार जिथे राहतो तिथेही दाद मागायची सोय केली. म्हणजे तुमची तक्रार इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात. बुकिंगच्या अटींत 'सर्व वाद अमुक शहराच्या न्यायालयातच' किंवा 'लवादाकडेच' असं छापलेलं असेल, तर घाबरू नका. लवादाची अट असली, तरी ग्राहक तक्रार करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. जिल्हा आयोगाची मर्यादा तुम्ही मोजलेल्या किमतीवर ठरते, मागितलेल्या भरपाईवर नाही, आणि ती ५० लाख आहे. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर फी शून्य. वकील सक्तीचा नाही. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर घरूनच दाखल होते आणि सुनावणी व्हिडिओवर घ्या, असा अर्जही करता येतो. मुदत दोन वर्षांची.

त्याआधी १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवा. ते निकाल देत नाहीत, कंपनीशी बोलून मिटवायचा प्रयत्न करतात. मोठ्या साइटची प्रकरणं पुष्कळदा तिथेच मिटतात. नाही मिटलं, तर तो तक्रार क्रमांक आयोगात कामी येतो.

आयोगात मालक आणि साइट दोघांनाही विरोधी पक्ष करा. साइट म्हणणार, आम्ही फक्त मध्यस्थ. पण पैसे तिने घेतले, कमिशन तिने घेतलं, फोटो तिच्या पानावर होते आणि त्याच रात्रीची तक्रार तिच्याच ॲपवर पडून राहिली. हे चार मुद्दे लिहा. मागण्या: तीन रात्रींचे ४८,०००, पहिल्या रात्रीच्या भाड्यातला फरक, डिपॉझिट, व्याज, त्रासाबद्दल भरपाई आणि तक्रारीचा खर्च. हॉटेलचं बिल जरूर जोडा, पण तीन रात्रींचं भाडंही पूर्ण आणि हॉटेलचे ३८,५०० ही पूर्ण, असं मागू नका. निवाऱ्याचे पैसे दोनदा मागितल्यासारखं दिसतं आणि खऱ्या मागणीचं वजन कमी होतं. चार्जबॅकचे पैसे मधल्या काळात आले, तर तसं आयोगाला कळवा. सासूबाईंना लिफ्टशिवाय दुसरा मजला चढावा लागला, हे त्रासाच्या परिच्छेदात लिहा आणि गुडघ्यांचे डॉक्टरचे कागद जोडा.

किती वेळ लागेल? कायदा तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न करा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त लागतात, तशी मनाची तयारी ठेवा. समोरच्यांना मात्र उत्तर द्यायला ३० दिवस आणि फार तर आणखी १५, एवढेच मिळतात. त्यापलीकडे मुदत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये सांगून टाकलं आहे. ते अपिलात भोपाळला राज्य आयोगाकडे गेले, तर आदेशाच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते, म्हणून छोट्या रकमेसाठी सहसा कुणी जात नाही.

ते यूपीआयचे १५,००० हा तुमच्या प्रकरणातला कच्चा भाग आहे. ते कार्डावरून गेले नाहीत, साइटमधूनही गेले नाहीत, एका माणसाच्या खात्यात गेले. तिथे चार्जबॅक चालत नाही आणि साइट म्हणेल, बाहेर पैसे द्यायला आम्ही सांगितलं नव्हतं. तरी व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे ओळख क्रमांक, आणि मालकाचा संदेश जपून ठेवा. डिपॉझिट म्हणून घेतलं आणि काही मोडतोड न दाखवता अडकवून ठेवलं, एवढं मालकाविरुद्ध पुरेसं आहे. पुढच्या वेळी असा फोन आला, तर 'साइटवरूनच मागा' एवढंच उत्तर द्या.

राहिला तो दहा हजारांचा निरोप. डिपॉझिटच तुमचं पंधराचं आहे, म्हणजे तो तुमच्याच पैशातले तुम्हाला देऊ बघतोय. 'फुल अँड फायनल', 'आता काही तक्रार नाही', असं काहीही लिहून देऊ नका, अंगठ्याचं चिन्हही पाठवू नका. त्याने आपणहून खात्यात टाकलेच, तर लगेच संदेश करा: "१०,००० रुपये डिपॉझिटपैकी मिळाले. उरलेले ५,००० आणि बुकिंगच्या रकमेवरचा माझा हक्क कायम आहे." रिव्ह्यू काढू नका. त्यात 'चोर', 'भामटा' असे शब्द असतील, तर तेवढे गाळा. काय ठरलं होतं, काय मिळालं, कोणत्या तारखेला, आणि दोन फोटो, इतकं राहू द्या. खरं आणि पुराव्यानिशी लिहिलेलं असलं, की बदनामीच्या धमकीला भ्यायचं कारण नाही, आणि पुढे कुणीतरी आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन तेच घर बुक करायला निघालेलं असेल, त्याला ते वाचायला मिळालं पाहिजे.